गोल्फ क्लबचे परसदार : भारतीय महिला ओपन आणि नऊ वर्षांची प्रतीक्षा

नाशिकमध्ये त्र्यंबक रस्त्यालगत असलेल्या मोठ्या मैदानाला दोन नावे आहेत. कागदोपत्री ते 'हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान' आहे. रिक्षावाल्याला सांगताना मात्र ते 'गोल्फ क्लब' होते. पहाटे तेथे धावणाऱ्यांची आणि फिरणाऱ्यांची गर्दी असते, अधूनमधून रणजी करंडकाचा सामना होतो, निवडणुकीच्या दिवसांत सभा होतात. गोल्फ मात्र तेथे कोणी खेळत नाही. खेळ गेला, नाव राहिले.

या दोन नावांचे शेजारपण विलक्षण आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाच्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या आणि १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांच्यासह ते फासावर गेले. ज्या गोऱ्या अधिकारी वर्गाने या देशात गोल्फ आणला, त्याच वर्गातील एका कलेक्टरचा वध करणाऱ्या तरुणाचे नाव आज त्या मैदानाला आहे आणि लोकांच्या तोंडी मात्र अजून क्लबच आहे. हा थ्रेड त्या 'क्लब' या शब्दाविषयी आहे. गोल्फच्या क्लबात कोण कोणत्या दाराने आत गेले, आणि ज्यांच्यासाठी एकही दार नव्हते त्या भारतीय स्त्रिया अखेर आपल्याच देशातील व्यावसायिक स्पर्धेच्या विजेत्या कशा झाल्या, याविषयी.

प्रथम मुख्य दार. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ सालचा. ब्रिटिश बेटांच्या बाहेरचा हा जगातील सर्वांत जुना गोल्फ क्लब मानला जातो. मुंबईचा क्लब १८४२ सालचा. अमेरिकेत गोल्फ नीट रुजण्याच्या कितीतरी आधी तो बंगालात आणि मुंबई इलाख्यात खेळला जात होता, आणि त्याचे कारण खेळाची लोकप्रियता नसून साम्राज्याची सोय हे होते. छावणी आली की परेडचे मैदान येई, मग क्लबची इमारत येई आणि तिच्यामागोमाग गोल्फचे मैदान. सभासदत्व गोऱ्यांपुरते असे. मुंबईत विलिंग्डन क्लब स्थापन झाला तेव्हा त्याचे वैशिष्ट्य म्हणून सांगितले जाई ते हेच, की तेथे हिंदी माणसालाही सभासद होता येते. एखाद्या क्लबाची कीर्ती एवढ्या गोष्टीवर उभी राहावी, यावरूनच बाकीच्या क्लबांची रीत कळते.

युरोपीय स्त्रियांनी याच काळात स्वतःची जागा करून घेतली होती. कलकत्त्याच्या मैदानावर १८९१ साली त्यांचा स्वतंत्र 'लेडीज गोल्फ क्लब' निघाला. पुरुषांच्या क्लबात दुय्यम वेळ आणि दुय्यम वागणूक मिळण्यापेक्षा आपला वेगळा क्लब बरा, हा विचार त्या काळाच्या मानाने धीट होता. पण तोही गोऱ्या मडमांचा धीटपणा होता. भारतीय स्त्रिया गोल्फच्या मैदानावर दिसू लागल्या त्या पुष्कळ पुढे, आणि दिसल्या त्या संस्थानिक, सनदी अधिकारी, लष्करी अधिकारी आणि चहामळे-गिरण्यांच्या मालकांच्या घरांतून. सभासदाची पत्नी, सभासदाची कन्या हीच त्यांची मैदानावरील पहिली ओळख होती.

आता परसदार. हा भाग भारतीय गोल्फच्या इतिहासात सर्वांत रोचक आहे आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते.

गोल्फ खेळणाऱ्याची जड पिशवी खांद्यावर घेऊन त्याच्याबरोबर चालणारा, चेंडू कोठे पडला ते शोधणारा, वाऱ्याचा आणि उताराचा अंदाज सांगणारा माणूस म्हणजे कॅडी. क्लबाच्या आसपासच्या वस्तीतील गरीब घरची मुले हे काम करत. साहेब घरी गेल्यावर मोडक्या काठ्यांनी आणि हरवलेल्या चेंडूंनी ती स्वतः खेळत. त्यांना मैदानाची चढउतार पाठ असे. कोणत्या हिरवळीवर चेंडू कोणीकडे वळतो हे सभासदापेक्षा त्यांना अधिक कळे. क्लबाच्या मुख्य दाराने त्यांना प्रवेश नव्हता, पण परसदाराने ती रोज आत येत होती आणि तेथेच शिकत होती.

याचा परिणाम पुरुषांच्या भारतीय ओपन स्पर्धेत स्पष्ट दिसतो. ही स्पर्धा १९६४ साली सुरू झाली आणि पहिला विजेता होता ऑस्ट्रेलियाचा पीटर थॉमसन, म्हणजे ब्रिटिश ओपन पाच वेळा जिंकणारा त्या काळचा दिग्गज. दुसऱ्याच वर्षी, १९६५ साली, प्रेम गोपाल सेठी यांनी हौशी खेळाडू असूनही ती जिंकली. 'ओपन' म्हणजे हौशी आणि व्यावसायिक अशा दोघांनाही खुली स्पर्धा, हा त्या शब्दाचा अर्थ सेठी यांनी शब्दशः खरा केला. त्यानंतर मात्र २६ वर्षे एकाही भारतीयाचे नाव त्या करंडकावर कोरले गेले नाही. १९९१ साली ते कोरले गेले, आणि ते नाव होते अली शेर. दिल्लीच्या क्लबात कॅडी म्हणून वाढलेला हा खेळाडू ती स्पर्धा जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक ठरला आणि १९९३ साली त्याने ती पुन्हा जिंकली. पुढे कलकत्त्याच्या क्लबात हिरवळ राखणाऱ्या कामगाराचा मुलगा एस. एस. पी. चौरसिया याने २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे ही स्पर्धा जिंकली. परसदारातून आलेल्या माणसांनी दिवाणखान्यातील करंडक उचलला, असे याचे वर्णन करता येईल.

स्त्रियांसाठी हे परसदारही नव्हते. कॅडीचे काम जवळजवळ संपूर्णपणे पुरुषांचे आणि मुलांचे होते. क्लबाशेजारच्या वस्तीतील मुलीला पिशवी उचलण्याच्या निमित्तानेही मैदानाच्या आत पाऊल टाकता येत नव्हते. म्हणून भारतीय महिला गोल्फमध्ये अली शेरसारखी गोष्ट शोधून सापडत नाही. सीता रावळे यांना १९७७ साली गोल्फसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला, नोनिता लाल यांना १९८७ साली. या गुणी खेळाडू होत्या, पण त्यांचा सारा खेळ हौशी राहिला. कारण व्यवसाय म्हणून खेळावे असे काही देशात अस्तित्वातच नव्हते. कलकत्त्याच्या स्मृती मेहरा यांनी १९९४ साली व्यावसायिक होण्याचे ठरवले तेव्हा त्यांना अमेरिका गाठावी लागली. एलपीजीए या अमेरिकी दौऱ्यावर खेळणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. तो दौरा १९५० साली १३ खेळाडू स्त्रियांनी मिळून उभा केला होता. युरोपात तशी संघटना १९७८ साली झाली. भारतात विसावे शतक संपेपर्यंत तसे काही नव्हते.

व्यावसायिक खेळाडू होणे म्हणजे काय, हे येथे थोडे उलगडून सांगायला हवे, कारण क्रिकेटच्या सवयीमुळे आपल्या ध्यानात ते सहसा येत नाही. गोल्फमध्ये मंडळाचा करार नसतो, मासिक मानधन नसते, संघाचा मुक्कामखर्च नसतो. विमानाचे तिकीट, व्हिसा, हॉटेल, कॅडीची मजुरी हे सारे खेळाडूच्या खिशातून जाते. बहुतेक स्पर्धांत पहिल्या दोन फेऱ्यांनंतर गुणानुक्रमे एक रेघ ओढली जाते. तिला 'कट' म्हणतात. रेघेच्या खाली राहिलेल्याला एक पैसाही न मिळता सामान बांधावे लागते. युरोपातील दौऱ्यावर सलग चार आठवडे कट हुकला तर भारतातील मध्यमवर्गीय घराचे वर्षाचे गणित कोलमडते. त्यामुळे गुण असूनही मुली हौशी खेळात थांबत, लग्न किंवा नोकरी पत्करत, आणि गोष्ट तेथेच संपे.

या कोंडीतून मार्ग निघाला तो एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. महिला गोल्फ संघटनेने देशांतर्गत व्यावसायिक दौरा सुरू केला. बक्षिसाच्या रकमा लहान, प्रेक्षक जवळजवळ नाहीत, वृत्तपत्रांच्या क्रीडापानावर तळाशी दोन ओळी, असा तो दौरा होता; परंतु एका शहरातून दुसऱ्या शहरात रेल्वेने जाऊन खेळता येईल असा तो होता. आणि २००७ साली दिल्लीला लागून असलेल्या गुडगावमध्ये पहिली महिला भारतीय ओपन स्पर्धा झाली.

या घटनेत एक विसंगती दडलेली आहे. एखाद्या देशात प्रथम मोठा खेळाडू निर्माण होतो, मग त्याच्या कीर्तीमुळे प्रायोजक येतात आणि त्याच्या मायदेशात स्पर्धा भरते, असा आपला सर्वसाधारण समज असतो. काही ठिकाणी तसे घडलेही आहे. मेक्सिकोच्या लोरेना ओचोआ जगात पहिल्या क्रमांकावर पोचल्या आणि २००८ साली त्यांच्याच नावाची स्पर्धा ग्वादालाहारा या त्यांच्या जन्मगावी सुरू झाली. भारतात उलटे झाले. तारका नव्हती, स्पर्धा आधी आली. २००७ साली तैवानच्या यानी त्सेंग या १८ वर्षांच्या मुलीने तो करंडक उचलला, तेव्हा तिचे नावही येथे फार थोड्यांना ठाऊक होते.

त्सेंगची पुढची कहाणी या विषयासाठी महत्त्वाची आहे. पुढच्या चार वर्षांत ती जगात अव्वल झाली, आणि ऑक्टोबर २०११ मध्ये तैवानमध्ये पहिल्यांदाच एलपीजीएची स्पर्धा भरली. घरच्या मैदानावर, हजारो माणसे प्रत्येक फटक्यामागे चालत असताना, त्सेंग पाच फटक्यांनी जिंकली. पाहुणी म्हणून भारताची पहिली स्पर्धा जिंकणारी खेळाडू आपल्या देशाची पहिली स्पर्धाही जिंकून गेली.

थायलंडची वाट मात्र अधिक खडतर, आणि भारतीय अनुभवाच्या अधिक जवळची. तेथे एलपीजीएची स्पर्धा २००६ साली सुरू झाली. २०१३ साली एरिया जुतानुगर्न ही १७ वर्षांची थाई मुलगी शेवटच्या खड्ड्यापाशी दोन फटक्यांची आघाडी घेऊन आली होती. पाच फटक्यांत पूर्ण करायचा तो टप्पा. तिला आठ लागले. करंडक कोरियाच्या इनबी पार्कने नेला आणि एरियाला सगळ्या देशासमोर रडू कोसळले. तिने ती स्पर्धा जिंकली २०२१ साली, आणि त्या वर्षी दुसऱ्या क्रमांकावरही आथया थितिकुल ही थाई मुलगीच होती. स्पर्धा सुरू झाल्यापासून पहिल्या थाई विजेतीपर्यंत १५ वर्षे गेली.

भारताची ती प्रतीक्षा नऊ वर्षांची होती. २०१० साली ही स्पर्धा युरोपीय दौऱ्याचा भाग झाली आणि तिची पातळी एकदम उंचावली. त्या वर्षी जिंकल्या इंग्लंडच्या लॉरा डेव्हिस. त्यांचे वय तेव्हा ४७ होते आणि त्या एकाच वर्षातले ते त्यांचे पाचवे विजेतेपद होते. २०११ साली स्वीडनची कॅरोलिन हेडवॉल, २०१४ साली फ्रान्सची ग्वालादिस नोसेरा, २०१५ साली डेन्मार्कची एमिली पेडरसन. थायलंडच्या मुलीही याच काळात येऊन करंडक नेत होत्या. भारतीय खेळाडू प्रत्येक वर्षी मोठ्या संख्येने उतरत, त्यांतील बऱ्याच जणी कटपाशी थांबत, आणि करंडकाच्या फोटोत कडेला उभ्या राहत.

हे सगळे वाया गेले असे म्हणण्याचा मोह होतो. तसे मुळीच नव्हते. किंबहुना या स्पर्धेचे खरे काम त्या हरण्याच्या वर्षांतच झाले. अशा संयुक्त स्पर्धेत यजमान संघटनेला आपल्या खेळाडूंसाठी काही जागा मिळतात. एरवी ज्या मुलीला मोरोक्को, स्पेन, ऑस्ट्रेलिया अशी वणवण करून युरोपीय दौऱ्यावरील खेळाडूंशी गाठ घालावी लागली असती, तिला ती गाठ रात्रीच्या रेल्वेच्या अंतरावर मिळाली. लॉरा डेव्हिस सरावाच्या वेळी चेंडू कसा ठेवतात, सहाव्या खड्ड्यावर धोका पत्करायचा की नाही हे कसे ठरवतात, वाईट फटक्यानंतर पुढच्या फटक्यापर्यंत चालत जाताना चेहरा कसा ठेवतात, हे दहा पावलांवरून पाहता आले. अली शेरने कॅडी म्हणून जे पाहिले, ते या मुलींनी प्रतिस्पर्धी म्हणून पाहिले. ज्यांना परसदार नव्हते त्यांच्यासाठी ही स्पर्धा म्हणजे तेच दार होते.

बंगळुरूची अदिती अशोक याच वर्षांत मोठी होत होती. जन्म २९ मार्च १९९८ चा. गोल्फची काठी तिने पाचव्या वर्षी हाती घेतली. तिचे आईवडील गोल्फ खेळणाऱ्या घराण्यातले नव्हते. कर्नाटक गोल्फ असोसिएशनच्या मैदानावर सरावाची जागा होती आणि तेथे लहान मुलीला चेंडू मारू देत होते, एवढ्या साध्या गोष्टीवर पुढचे सारे उभे राहिले. २०११ साली, १३ व्या वर्षी, हौशी असतानाच तिने देशांतर्गत व्यावसायिक दौऱ्यावरील स्पर्धा मोठ्यांना हरवून जिंकली. तो रेल्वेने हिंडणारा, दोन ओळींच्या बातमीचा दौरा नसता, तर १३ वर्षांच्या मुलीला व्यावसायिकांशी लढून पाहण्याची जागाच नव्हती.

तरी येथे अतिशयोक्ती टाळली पाहिजे. अदितीला स्पर्धेने घडवले असे म्हणणे सोयीचे, पण अर्धेच खरे. डिसेंबर २०१५ मध्ये मोरोक्कोतील पात्रता स्पर्धा जिंकून तिने युरोपीय दौऱ्याचे कार्ड स्वतः मिळवले, आणि ते मिळवण्याइतका प्रवासखर्च व वेळ तिच्या कुटुंबाला देता आला. ऑगस्ट २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकमध्ये महिलांचा गोल्फ ११६ वर्षांनी परतला. १८ वर्षांची अदिती तेथे पहिल्या दोन फेऱ्यांनंतर पहिल्या दहांत होती. तिची पिशवी वडिलांच्या खांद्यावर होती. अखेरीस ती संयुक्त ४१ वी आली, पण त्या दोन दिवसांत गोल्फचा गंध नसलेल्या भारतीयांनीही रात्री जागून 'पार' आणि 'बर्डी' यांचे अर्थ शोधले. ठरलेल्या फटक्यांत चेंडू खड्ड्यात गेला तर पार, एक कमी लागला तर बर्डी.

मग आला नोव्हेंबर. स्पर्धा शुक्रवार ११ ते रविवार १३ नोव्हेंबर २०१६, स्थळ गुडगावचा डीएलएफ क्लब. गावाचे नाव त्याच वर्षी 'गुरुग्राम' झाले होते. डीएलएफ म्हणजे 'दिल्ली लँड अँड फायनान्स', १९४६ साली स्थापन झालेली जमीनव्यवहाराची कंपनी. हरियाणातील शेतांच्या जागी उंच इमारतींचे शहर वसवताना तिने मधोमध हे गोल्फचे मैदान राखले. साहेबाच्या छावणीभोवतीचे गोल्फ मैदान आणि कंपनीच्या इमारतींमधले गोल्फ मैदान यांत शंभर वर्षांचे अंतर आहे, पण कुंपण दोन्हींनाही आहे.

त्या आठवड्यात देशाचे लक्ष भलतीकडे होते. मंगळवारी, ८ नोव्हेंबरच्या रात्री, ५०० आणि १००० रुपयांच्या नोटा रद्द झाल्या होत्या. शुक्रवारी पहिली फेरी सुरू झाली तेव्हा भारतभर माणसे बँकांच्या आणि एटीएमच्या रांगेत उभी होती. चार लाख डॉलरच्या बक्षिसांची ही स्पर्धा त्या गदारोळात कोपऱ्यातली बातमी होऊन बसली. एका अर्थाने अदितीला ते बरेच झाले असावे.

गोल्फमध्ये प्रतिस्पर्धी समोर उभा नसतो. तीन दिवस, रोज १८ खड्डे, लागलेल्या प्रत्येक फटक्याची नोंद, आणि सर्वांत कमी बेरीज तो विजेता. डीएलएफवर तीन दिवसांचा पार २१६ होता. अदितीला पहिल्या दिवशी ७२ फटके लागले, दुसऱ्या दिवशी ६९, तिसऱ्या दिवशी पुन्हा ७२. बेरीज २१३. अमेरिकेची ब्रिटनी लिन्सीकम, जिच्या नावावर दोन मेजर विजेतेपदे होती, आणि स्पेनची बेलेन मोझो या दोघींची बेरीज २१४. शेवटच्या दिवसाच्या ७२ या आकड्यात दिमाखदार असे काही दिसत नाही. पण आघाडीवर असताना, घरच्या माणसांसमोर, मागून दोन अनुभवी खेळाडू येत असताना ना वर ना खाली अशी फेरी खेळणे हेच त्या दिवसाचे अवघड काम होते. थायलंडमध्ये २०१३ साली काय घडले होते ते आठवले की ७२ चा अर्थ कळतो.

युरोपीय महिला दौऱ्यावर जिंकणारी ती पहिली भारतीय. आणि हे पहिलेपण परदेशातल्या कोणत्या मैदानावर न होता, जेथे नऊ वर्षे भारतीय मुली हरत आल्या होत्या त्याच स्पर्धेत झाले. दोनच आठवड्यांनी तिने कतारची स्पर्धाही जिंकली, वर्षअखेरीस दौऱ्याच्या गुणतक्त्यात ती दुसरी होती आणि वर्षातील सर्वोत्तम नवोदित खेळाडूचा मान तिला मिळाला. त्याच २०१६ साली मार्चमध्ये पुरुषांची भारतीय ओपन चौरसियाने जिंकली होती. हिरवळ राखणाऱ्याचा मुलगा आणि सरावाच्या जाळीत खेळ शिकलेली मुलगी, अशा दोघांनी एकाच वर्षी देशाचे दोन्ही करंडक घेतले. आणि दोघांपैकी एकही सभासदाच्या घरातला नव्हता.

नाशिककरांना मायदेशातील विजयाची चव याच्या सहा वर्षे आधी कळली होती, पण दुसऱ्या खेळात. ऑक्टोबर २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी १०,००० मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळवले, आणि त्याच वर्षीच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. ज्या वर्षी लॉरा डेव्हिस दिल्लीशेजारी करंडक नेत होत्या, त्याच वर्षीची ही गोष्ट. आदिवासी पाड्यावरील मुलीला धावण्यासाठी कोणाच्या दारात उभे राहावे लागले नाही; डोंगरवाट होती, पाय होते, आणि पुढे मार्गदर्शक भेटला. सावरपाड्यातून धावपटू निघते आणि गोल्फपटू निघत नाही, यात गुणांचा संबंध नाही. एका खेळाला रस्ता पुरतो, दुसऱ्याला साठ हेक्टर राखलेली हिरवळ आणि तिच्या आत सोडणारा माणूस लागतो. 'गोल्फ क्लब' मैदानावर पहाटे धावणाऱ्या मुली दिसतात, त्यामागे हेच साधे अर्थशास्त्र आहे.

अदितीचे नाव सगळ्यांच्या तोंडी गेले ते टोकियोत, ऑगस्ट २०२१ मध्ये. या वेळी पिशवी आईच्या खांद्यावर होती आणि पदक एका फटक्याने हुकले. ती चौथी आली. त्याआधी, २०१९ साली, हरियाणाची दीक्षा डागर दक्षिण आफ्रिकेत युरोपीय दौऱ्याची स्पर्धा जिंकून दुसरी भारतीय विजेती झाली होती. दीक्षा डावखुरी आहे, तिला जन्मतः ऐकू येण्यात अडचण आहे, आणि तिचे वडील लष्करात होते. छावणीचे गोल्फ मैदान, जे एकेकाळी गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी आखले गेले, ते स्वतंत्र भारतात फौजीच्या मुलीला कामी आले. इतिहासात मैदाने अशी हात बदलतात.

मायदेशातील करंडक मात्र पुन्हा परका झाला. २०१७ साली फ्रान्सची कामिल शेव्हालिए, २०१८ साली वेल्सच्या बेकी मॉर्गन, २०१९ साली ऑस्ट्रियाची क्रिस्टीन वोल्फ. करोनामुळे दोन वर्षे स्पर्धाच झाली नाही. २०२२ साली अमनदीप द्राल विजेतेपदाच्या जवळ पोचली, पण संयुक्त दुसऱ्या क्रमांकावर थांबली. जर्मनीची ऑलिव्हिया कोवान जिंकली. २०२३ साली जर्मनीचीच अलीन क्राउटर, २०२४ साली इंग्लंडच्या लिझ यंग.

२०२५ सालची विजेती होती सिंगापूरची शॅनन टॅन. युरोपीय दौऱ्यावर जिंकणारी ती आपल्या देशाची पहिली खेळाडू. तो पहिला विजय तिने २०२४ साली केनियात मिळवला होता. सिंगापूरमध्ये २००८ सालापासून महिलांची मोठी एलपीजीए स्पर्धा भरते आणि जगातील अव्वल खेळाडू तेथे येतात. २०२५ पर्यंत त्या करंडकावर एकाही सिंगापूरकर मुलीचे नाव नव्हते. भारताच्या करंडकावर आहे.